गांगुर्डे सरांची ग्रॅनाइटची टेकडी

गांगुर्डे सर मला पहिल्यांदा दिसले ते भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत, फडक्याने दगड पुसताना. मी देवळ्याहून नाशिकला शिकायला आलेली. निघताना वडील म्हणाले होते, "दगड पाह्याला नाशिकला कशाला? आपल्या वावरात लय हायेत." मी भाबडेपणाने ते सरांना सांगून टाकलं. सर मनापासून हसले. म्हणाले, "वडिलांचं खरं आहे. पण तो सगळा काळा पाषाण. त्याच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट पाहायचा तर लांब जावं लागेल."

आणि सर आम्हाला खरंच लांब नेत. देगलूरच्या बाजूला ग्रॅनाइटची एक उघडी टेकडी आहे. एसटीने अख्खा दिवस जाई. तिच्या गुलाबी खडकात काळ्या पाषाणाच्या पट्ट्या शिरलेल्या आहेत. त्या कुठून कुठे जातात, आधीची कोणती, नंतरची कोणती, याचा नकाशा सरांनी उमेदीची सगळी वर्षं पायी हिंडून काढत आणला. नाशिकमध्ये अनेकांना ते खूळ वाटे. सर कुणाला समजावत बसले नाहीत.

नमुना फोडण्याआधी खडकावर उत्तरेचा बाण काढायचा, हा सरांचा दंडक होता. बाण नसेल तर तो तुकडा जागेवर कसा बसला होता ते पुढे कळत नाही. एकदा मी घाईत बाण विसरले आणि नाशिकला आल्यावर अंदाजाने काढून मोकळी झाले. सरांनी तुकडा हातात फिरवला. "हा बाण तिथे काढलास की इथे?" मला रडूच फुटलं. सर रागावले नाहीत. पुढच्या सुट्टीत ते एकटेच गेले, त्याच जागेचा नवा नमुना घेऊन आले आणि वहीत त्यापुढे माझं नाव घातलं. मला अजून त्याची लाज वाटते.

पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून विभाग बंद झाला. दगड टाकून द्यायचे ठरले, तेव्हा सरांनी रिक्षाच्या खेपा करून ते घरी नेले. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, कपाटातले डबे हलवून त्यांना जागा करून दिली. आता बाई नाहीत. आम्ही विद्यार्थी पांगलो. मी बँकेत लागले.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेले. सर भरभरून बोलत होते, तासाभरातच आवाज बसला. "काही नाही गं, बोलायची सवय गेलीय. सकाळच्या दूधवाल्यानंतर आज तूच."

मग सरांनी नकाशा पसरला. पश्चिमेचा उतार तेवढा कोरा. "एवढंच राहिलंय. मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही. चार दिवस येशील?" मी म्हटलं, रजा मिळत नाही. रजा होती. एवढ्या लांब, उन्हात, त्या दगडांत परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. सर "बरं" म्हणाले आणि नकाशा गुंडाळून ठेवला.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरव अंकात आपण सारे विद्यार्थी त्यांना दीर्घायुष्य चिंतणार. मीही चिंतते. गुडघे साथ देवोत, नजर शाबूत राहो. पण दूधवाल्याची वाट पाहण्यात घालवायला सरांसाठी आणखी वर्षं मागायची, हे मला जमत नाही. म्हणून आपणा सर्वांसमक्ष लिहिते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. सर, मी रजेचा अर्ज दिला आहे. मी येते.