डोंगरावरचे पिवळे बाण

प्रमाणित करण्यात येते की, सदर इसम (व्यवसाय: पाट्या रंगवणे, बांधा: मध्यम, ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याच्या नखात कायमचा पिवळा रंग) यांनी उद्यान विभागाच्या ‘बसने या, पायी चढा’ या योजनेअंतर्गत डोंगरावरील पायवाटेवर, पायथ्याच्या बसथांब्यापासून माथ्यावरील मनोऱ्यापर्यंत, दिशादर्शक बाण रंगवण्याचे काम मुदतीत व समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे. सर्व बाण ठळक, एकसारखे आणि नागरिकांस, विशेषतः परतणाऱ्या नागरिकांस, उपयुक्त आहेत. सदर इसम चढाईस शारीरिकदृष्ट्या सक्षम असून त्यांची वर्तणूक चांगली आहे.

यातलं किती खरं, हे कळायला डोंगर चढावा लागतो. सही करणारे साहेब चढले नव्हते. सदर इसमही चढले नव्हते.

सदर इसमाला सगळे पेंटर म्हणतात. एके काळी बाजाररस्त्यावरची प्रत्येक पाटी त्याच्या हातची होती. मग छपाईची यंत्रं आली, दुकानदार आपापल्या हसऱ्या फोटोंसकट प्लास्टिकवर झळकू लागले आणि पेंटरच्या वाट्याला ‘येथे वाहन लावू नये’ एवढंच साहित्य उरलं. डोंगरावर मात्र प्लास्टिकचे फलक पहिल्या वाऱ्यातच दरीत गेले, तेव्हा उद्यान विभागाला हाताने रंगवणारा माणूस आठवला.

“या वयात डोंगर?” बायको म्हणाली.

“का? मी काय म्हातारा झालो?”

पहिल्या दिवशी तो पायथ्याला बसमधून उतरला आणि रंगाचा डबा घेऊन चढू लागला. दुसऱ्या वळणावर त्याला बसावं लागलं. छाती कानात वाजत होती. पाठीवर मूल बांधलेली एक बाई मागून आली, म्हणाली, “काका, पाणी देऊ का?” आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून गेली. एकही बाण न रंगवता तो खाली आला. थांब्यावर त्याला समजलं की मनोऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी एक बस घाटरस्त्यानं थेट वरपर्यंत जाते.

दुसऱ्या दिवशी तो त्या बसनं वर गेला आणि बाण काढत काढत खाली उतरला. यात गैर काहीच नव्हतं. घरी एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. पण तो घरी पोचला तेव्हा बायकोनं तेल कोमट करून ठेवलं होतं. ती त्याच्या पायाशी बसली, गुडघा हातात घेतला आणि विचारलं, “आज कुठपर्यंत चढलात?”

“वरपर्यंत,” तो म्हणाला.

त्यानंतर काम संपेपर्यंत रोज डोंगर बस चढली आणि पाय पेंटरचे चेपले गेले. मध्येच तो “हं, तिथंच” असंही म्हणायचा.

दुकानात काम शिकायला आलेल्या प्रत्येकाला पेंटरनं पहिला धडा एकच दिला होता: पाटी वाचणारा कुठून येणार ते आधी बघायचं, रंगाचा डबा नंतर उघडायचा. या बाबतीत तो उभ्या आयुष्यात चुकला नव्हता. डोंगरावर मात्र उतरताना दगडाची जी बाजू समोर आली, तिच्यावर त्यानं बाण काढला. सुरेख काढला. दोन पावलं मागे सरकून, डोळे बारीक करून बघितला आणि पुढच्या दगडाकडे गेला.

मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. विहीणबाई सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या. त्यांचा आवाज तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायला घडवलेला होता. “रविवारी तुमच्या बाणांवरून चढायचं!” त्यांनी फोनवर जाहीर केलं, आणि ते शेजाऱ्यांनाही समजलं.

“वरपर्यंत बस जाते,” पेंटर म्हणाला. “वर जाऊ, मग निवांत उतरू.”

“बसनं?” बायको हसली. “अहो, तुम्ही रोज चढलात, आणि आम्हाला बसनं नेता?”

तर रविवारी पाच माणसं पायथ्याला उतरली: पेंटर, त्याची बायको, लेक, जावई आणि विहीणबाई. व्याही गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिले होते. पेंटरला त्यांचा हेवा वाटला.

“पेंटरसाहेब, पहिला बाण कुठाय?” विहीणबाईंनी थांब्यावरूनच विचारलं.

“येईल पुढे.”

पुढे आला नाही. पहिल्या वळणावर नाही, दुसऱ्यावर नाही. विहीणबाई झुडपं बाजूला सारून बघू लागल्या. “लाजाळू दिसतात तुमचे बाण!” पेंटर हसला, कारण बोलायला श्वास शिल्लक नव्हता. मग वाट फुटली. डावीकडे रुंद, उजवीकडे अरुंद. सगळे त्याच्याकडे बघू लागले. वरून येताना ही जागा अगदी वेगळी दिसली होती. वरून येताना इथे वाट फुटतच नव्हती, नुसती मिळत होती.

“डावीकडे,” तो म्हणाला.

डावीकडची वाट जुन्या दगडखाणीच्या काठावर जाऊन संपली. खाली हिरवं पाणी होतं आणि पाण्यात उद्यान विभागाचा एक प्लास्टिकचा फलक तरंगत होता. सगळे मुकाट्यानं मागे फिरले. बायको काठाकडे न बघता पदर घट्ट धरून चालत होती.

जावई एरवी बोलत नसे. लग्न ठरताना तोच त्याचा मुख्य गुण मानला गेला होता. तो उजव्या वाटेवर थोडा पुढे गेला, चुकून मागे वळला आणि म्हणाला, “सापडला.”

दगडाच्या पलीकडच्या अंगावर बाण होता. पिवळाधमक, काठाला काळी रेघ, टोक सुईसारखं. त्यांनी नुकत्याच चढून आलेल्या वाटेकडे तो अतिशय आत्मविश्वासानं बोट दाखवत होता.

“अगंबाई!” विहीणबाई म्हणाल्या. “म्हणजे चढणाऱ्यानं उलटं चालायचं की काय?”

पेंटर दगडाकडे बघत राहिला. स्वतःचा धडा त्याला शब्दन् शब्द आठवला. कान तापले. त्यानं तोंड उघडलं. पण त्याआधी लेक पुढे झाली.

“मुद्दाम आहे ते, अहोआई,” ती सासूला म्हणाली. “चढताना माणूस ताजा असतो, विचारत विचारत जातो. उतरताना दमलेला, त्यात शेवटची बस गाठायची घाई. चुकतो तेव्हाच. म्हणून बाबांनी उतरणाऱ्यांसाठी काढलेत. हो ना, बाबा?”

लेकीच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. विहीणबाई वाट बघत होत्या. बायकोही बघत होती. त्याच्याकडे नाही, बाणाकडे.

“हो,” पेंटर म्हणाला.

“कमालच की!” विहीणबाई म्हणाल्या, आणि खाणीत एक दगड सुटून पाण्यात पडल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी तेलाची बाटली फळीवरच राहिली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

“वर जाणारी ती बस,” तिनं विचारलं, “सकाळचीच असते का हो?”

“हो. मनोऱ्यावरच्या लोकांची.”

“बसायला जागा मिळते?”

“मिळते.”

“खिडकीपाशी?”

तिनं त्याच्या सदऱ्याची घडी घातली, मोडली, आणि नव्यानं, अधिक नीट घातली.

पुढचं काम विहीणबाईंच्या आवाजानं केलं. गोष्ट तलावावर गेली, तलावावर पोहायला येणाऱ्या एका साहेबांच्या कानी पडली आणि उद्यान विभागात पोचली. बाण दिसत नाहीत अशा चढणाऱ्यांच्या तक्रारींना काय उत्तर द्यावं, हे विभागाला सुचत नव्हतंच. आता त्यांना एकदम अभिनव उत्तर मिळालं. छोटा समारंभ झाला, पेंटरला प्रमाणपत्र दिलं गेलं. पहिली टाळी विहीणबाईंची. बायको आली नाही. तिला कपडे वाळत घालायचे होते. टाळ्या चालू असताना पेंटर अंगठा मुठीत लपवून उभा होता.

लेकीनं प्रमाणपत्राला काच करून आणली आणि ती दुकानात स्टुलावर चढून खिळा ठोकू लागली.

“ते मुद्दाम नव्हतं गं,” पेंटर खालून म्हणाला.

“माहितेय.”

“कधीपासून?”

“तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणालात तेव्हापासून. खरं असतं तर तुम्ही आम्हाला तिथंच बसवून शिकवलं असतं. पाटी वाचणारा कुठून येणार, आणि काय काय.” तिनं आणखी एक घाव घातला. “तुमचा चेहरा बघवत नव्हता, बाबा. म्हणून तोंडाला येईल ते बोलून गेले.”

“मग नंतर तरी सांगायचंस त्यांना.”

“आता? अहोआई जो येईल त्याला ती गोष्ट सांगतात. मला मध्येच विचारतात, अजून काय काय सुचतं गं तुझ्या बाबांना? मी सांगते काहीतरी रचून.” ती खाली उतरली. “सरळ आहे का बघा.”

फ्रेम सरळ होती. पेंटरला मात्र तिच्याकडे बघवेना. आजवर थाप त्याची एकट्याची होती. आता ती लेकीला सासरी रोज सांभाळावी लागत होती.

“मी सांगतो त्यांना,” तो म्हणाला.

“सांगा,” ती म्हणाली. तिचा विश्वास बसलेला नव्हता, आणि बसल्याचं तिनं भासवलंही नाही.

त्यानंतर तो विहीणबाईंकडे दोनदा जाऊन आला. पहिल्या वेळी त्यांनी त्याची ओळख शेजाऱ्यांशी करून दिली, दुसऱ्या वेळी भाचे कंपनीशी. दोन्ही वेळा तो चहा पिऊन परतला.

हल्ली सकाळी तो पदरचा रंग घेऊन पायथ्याच्या बसनं जातो आणि खालून चढतो. आधी थांब्यावरून कसं दिसतं ते बघतो, मगच डबा उघडतो. संध्याकाळी बायको तेलाची बाटली आणि फडकं त्याच्याजवळ ठेवते, आणि आपल्या कामाला लागते. गुडघा आता खरंच दुखतो. तेल तो स्वतः लावतो.

चढणाऱ्यांसाठीचे बाण दुसऱ्या वळणापर्यंत झाले आहेत. त्यापुढे मागे वळून बघावं लागतं.