डबीवर नाव कोणाचं?

वारज्यात एका लॅबच्या काउंटरवर मी बावीस वर्षं बसतो. वीर्य तपासायला आलेल्या पुरुषांकडून डबी घ्यायची, नाव बघायचं, आत द्यायची. शिक्षण सातवी. इथे आलेले इंजिनिअर पाहिले की वाटतं, सातवी पुरते! किस्से मी गोळा करत नाही. ते स्वतःच्या पायाने येतात, रुमालात डबी गुंडाळून.

खराडीचा एक आयटीवाला. गळ्यात कंपनीचं कार्ड, डबीवर बायकोचं नाव.

"नमुना कोणाचा?"

"माझाच. पण फाइल तिच्या नावावर आहे ना, काका!"

"अहो, मग आपण कशाला तसदी घेतलीत?"

धायरीच्या आक्का सुनेला घेऊन आल्या. तीन वर्षांच्या तपासण्यांची जाडजूड फाइल सुनेच्या हातात, मनगटावर मूल व्हावं म्हणून बांधलेला देवाचा काळा दोरा. आमच्या डॉक्टरबाईंनी मुलाला पाठवायला सांगितलं. आक्का काउंटरवर कडाडल्या, "माझ्या पोरात काय खोट न्हाय! दिवाळीपतुर बघते, न्हायतर दुसरी सून आणते."

"दुसरीलाही हेच विचारतील, आक्का. मुलगा तोच ना?"

सून फाइलीकडे बघत राहिली.

नमुना अर्ध्या तासात, अंगाच्या उबेत आणायचा असतो. तसा कागद आम्ही देतो. एक प्राध्यापक बर्फाच्या डब्यात घेऊन आले. "रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला होता. ताजा राहावा म्हणून."

"सर, श्रीखंड नाही हे."

दुसऱ्याला विचारलं, "तीन दिवस संयम पाळलात?"

"तीन महिने झाले, काका. प्रोजेक्टची डेडलाइन आहे."

"मग आधी तुमच्या मॅनेजरला तपासून घ्या!"

पेठेतले एक वकील. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या, म्हणजे आत सूज. रिपोर्ट माझ्यासमोर आपटला. "आमच्या घराण्यात असलं काही नसतं!"

"वकीलसाहेब, घराणं एवढ्याशा डबीत मावत नाही. हे तुमचं एकट्याचं आहे."

गेले. आठ दिवसांनी औषधाची चिठ्ठी मागायला आले. हळू आवाजात.

दिवाळीला पंधरा दिवस उरले आणि आक्कांचा मुलगा आला. आईच्या मागे उभा. डबी दिली, मान वर केली नाही. रिपोर्टच्या दिवशी तिघं आत बसली. मी फाइल द्यायला गेलो होतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सूनबाईंचं सगळं नीट आहे. सूज यांना आहे. औषधं यांनी घ्यायची, मग पुन्हा तपासू."

आक्का उठल्या. बाहेर आल्या, माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या. सुनेला जवळ ओढलं, तिचा हात मांडीवर घेतला. दोऱ्याची गाठ जुनी, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

मग मुलाकडे बघितलं.

"हात म्होरं कर."