सोऱ्यातली पिन

सकाळी सव्वानऊच्या सुमाराला तळघरातून 'खट्-खटाक्' असा आवाज यायचा आणि नीलाचं पोळीवरचं लाटणं क्षणभर थांबायचं. अमेरिकेत, मिनेसोटाच्या ईडन प्रेरीतलं ते घरच असं, की खाली कोणी शिंकलं तरी हीटरच्या जाळीतून वर स्वयंपाकघरात ऐकू यावं. तो आवाज आला म्हणजे जगन्नाथची बंदूक जोडून झाली. मग तो वर यायचा, हात धुवायचा आणि चहा मागायचा. चहा झाला की पुन्हा सगळी खोलून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडायची.

जगन्नाथ मूळचा इचलकरंजीचा. वडील यंत्रमाग दुरुस्त करायचे. "खोलणारे छप्पन भेटतात, जोडणारा एखादाच," असं ते म्हणत, आणि हा त्यांचा मुलगा ते मनावर घेऊन बसलेला. इथे येऊन त्याने एकतीस वर्षं एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासनिसाचं काम केलं. केसाएवढी चूकसुद्धा त्याच्या अंगठ्याला कळायची. घरातला मिक्सर, वॉशिंग मशीन, लेकीची, सावनीची सायकल, काही म्हणजे काही दुरुस्तीला बाहेर गेलं नाही. रिटायर झाला तेव्हा घरात मोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हात नुसते मांडीवर पडून राहायचे.

अशात चार घरं पलीकडचे ओल्सन वारले आणि त्यांच्या बायकोने जुन्या वस्तूंचा गराज सेल लावला. तिथून जगन्नाथ एक बादली घेऊन आला. बादलीत एक गंजकी कडी, लाकडी दस्त्याचा तुकडा, मूठभर स्क्रू. शंभर वर्षांपूर्वीच्या शिकारी रायफलचे अवशेष ते. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की पुढची गोळी आत सरकते, त्या जातीची.

उरलेली बंदूक जमवायला तीन वर्षं गेली. नंबर घातलेला मधला सांगाडा त्याने दुकानातून रीतसर फॉर्म भरून आणला. नळी, स्प्रिंगा, खटके वायोमिंगहून, ओहायोहून, कुठून कुठून पोस्टाने येत राहिले. लांब भाग टेबलावर आणि बारीकसारीक नीलाच्या कपकेकच्या ट्रेंमध्ये. बारा खळ्यांचे चार ट्रे. प्रत्येक खळीत काळ्या मार्करने आकडा. एकूण सत्तेचाळीस भाग.

"लोक म्हातारपणी जपाची माळ ओढतात," नीला तेव्हा हसून म्हणाली होती, "तुम्ही घोडा ओढा."

तेव्हा हसू येत होतं.

मग या मार्चमध्ये एक दिवस ती दुकानातून आली, तर घरभर जळका वास. गॅस फुल, चहाचं पातेलं कोरडं ठणठणीत, बूड लालभडक. जगन्नाथ शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता. "मी बंद केला होता," तो म्हणाला, आणि ते इतक्या खात्रीने, की तिने स्वतःकडेच संशयाने पाहिलं. जूनमध्ये तो लायब्ररीत जायला निघाला आणि भलत्याच गावातून फोन केला, की मी चॅनहॅसनला आहे, इथे कशाला आलो होतो गं? आणि ऑक्टोबरमध्ये एकाच जेवणात त्याने नातीबद्दल तीनदा विचारलं, केया आता कितवीत आहे?

"डॉक्टरकडे जाऊ या," नीला म्हणायची.

"एक्काहत्तरी लागली. विसरणार नाही तर काय पाठांतर करू?"

बंदुकीच्या गोळ्या घरात आणणार नाही, असं त्याने तिला शपथेवर सांगितलं होतं. पण गॅस बंद केला होता असंही त्याने शपथेवरच सांगितलं होतं. तो आंघोळीला गेला की ती खाली उतरायची, ड्रॉवर उघडायची, डबे हलवून बघायची. काही सापडायचं नाही. भीती मात्र वाढायची. तिने न पाहिलेला एखादा ड्रॉवर उरलाच असेल.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला सावनी येणार होती, टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून, सहा वर्षांच्या केयाला घेऊन. फोनवर तिने सरळच सांगितलं, "आई, आय ॲम सीरियस. एक तर ती गन जाते, नाही तर आम्ही हॉटेलमध्ये राहतो. बाबा विसरतात आणि बेसमेंटमध्ये गन आहे! तू कशी झोपतेस गं?"

"नीट झोपते," नीला म्हणाली. तिला कितीतरी दिवसांत झोप नव्हती.

मंगळवारी तो केस कापायला गेला. नीला खाली गेली आणि एकतिसाव्या खळीतली पिन उचलली. गोळीच्या बुडावर आपटणारी, बोटापेक्षा जरा लांब पिन. ती नसली तर बंदूक म्हणजे नुसती काठी, हे त्यानेच तिला कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. तिने ती बटर पेपरमध्ये गुंडाळली आणि फ्रिजवरच्या कपाटात, चकलीच्या सोऱ्यात घातली. दिवाळी होऊन गेलेली. सोऱ्या आता वर्षभर कोण काढतंय?

बुधवारी सव्वानऊ वाजले. आवाज आला नाही.

गुरुवारीही नाही. जाळीतून नुसते खोके सरकवल्याचे, टेबल ओढल्याचे आवाज. दुपारी तो जेवायला आला तेव्हा गुडघ्यांना धूळ होती. "काय शोधताय?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. भात तसाच ठेवून उठला. शुक्रवारी तिला फ्रिजवर, आरशावर, बाथरूमच्या दारावर पिवळ्या चिठ्ठ्या दिसल्या. गॅस. किल्ली. दार. त्याचं कोरीव अक्षर.

शनिवारी दुपारी खालचे आवाजही बंद झाले. घर इतकं गप्प झालं, की नीलाने हातातलं काम तसंच टाकलं. ती दोन-दोन पायऱ्या चुकवत खाली उतरली.

जगन्नाथ स्टुलावर बसला होता. समोर चार ट्रे.

"सत्तेचाळीस होते," तो म्हणाला. "शेहेचाळीस आहेत. मी आठ वेळा मोजले."

"असेल कुठेतरी घरंगळली."

"माझ्या हातातून आजवर वस्तू घरंगळलेली नाही, नीला. मी ती उचलून कुठेतरी ठेवली आणि कुठे ठेवली ते गेलं." त्याने कपाळाला बोट लावलं. "तुला वाटायचं, हा बंदूक खेळतोय. मी रोज स्वतःला तपासत होतो गं. सत्तेचाळीस भाग, कागद न बघता, ओळीने. जोवर हे जमतंय तोवर गॅसचं काय, रस्त्याचं काय, वय आहे म्हणायचं. आज नाही जमलं." त्याने समोरचा ट्रे दूर सारला. "डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. आणि सावनीला सांग, हॉटेलातच राहू दे. मी घरात असताना केयाला आणू नकोस."

आठ महिने ती ज्या वाक्याची वाट बघत होती ते आलं होतं. गप्प बसलं तरी पुरे होतं. पण त्याचे हात पुन्हा तसेच मांडीवर पडले होते.

नीला वर गेली, सोऱ्या काढला, पिन घेऊन खाली आली.

"मी घेतली होती," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती."

जगन्नाथने पिन उजेडात धरली, उलटी केली, अंगठा फिरवला. आधी रागावेल असं तिला वाटलं. तो हसला. अगदी मोकळं, किती दिवसांनी!

"अगं बये! म्हणजे मी हरवली नाही?"

"नाही."

"माझं डोकं शाबूत आहे!" तो स्टुलावरून उठलाच. मग त्याच अधीर चेहऱ्याने, लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "आणि गॅस? तोही तूच चालू ठेवला होतास ना? मला घाबरवायला?"

हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं.

"नाही," नीला म्हणाली. "गॅस तुम्ही."

"चॅनहॅसन?"

"तिथे मी नव्हतेच हो."

हीटर सुरू झाला. जगन्नाथ पुन्हा बसला. त्याने पिन नाकाशी नेली.

"भाजणीचा वास येतोय. सोऱ्यात ठेवलीस होय?" त्याने ती तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "आता तिथे नको. ते मला कळलंय. दुसरीकडे ठेव. मी विचारलं तरी सांगू नकोस. केयाला येऊ दे."

नीला वर आली. स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून ती आपलीच कपाटं परक्यासारखी न्याहाळू लागली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्याच्याच सांगण्यावरून त्याच्यापासून काही लपवायची वेळ आली नव्हती. खाली ट्रे सरकले. मग जाळीतून त्याचा आवाज आला.

"नीला, एकतीस नंबरची पिन दिसत नाही गं. तू बघितलीस का?"

तो परीक्षा घेत होता की खरंच विचारत होता, ते त्या आवाजावरून कळेना. नीलाने मूठ आवळली आणि उत्तर दिलं नाही.