मेंढीच्या तोंडी माझा आवाज

दिवाळी सरली की माण तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर घरांना कुलपं लागतात. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं असा सगळा लवाजमा कोकणाच्या वाटेला लागतो. या चालत्या बिऱ्हाडाला आम्ही वाडा म्हणतो. त्या वर्षीही वाडा निघाला, फक्त मी त्यात नव्हते. डांबरी रस्त्यापर्यंत सगळ्यांबरोबर चालत आले आणि फाट्यावर पाठीला सॅक लावून साताऱ्याच्या एसटीसाठी थांबले.

आय घोड्याचा कासरा धरून उभी होती. घोड्यावर भांडी, जाळी, पाटीत झाकलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर नुकतंच जन्मलेलं एक कोकरू. मुंबईत कुठं राहशील, काय खाशील, हे तिनं विचारलं नाही. तिची शंका वेगळीच होती. "जनावरांचा आवाज काढाय मुंबईला कशाला जायाला पायजे गं? हितं काय जनावरं कमी हाईत?"

माझे वडील, आबा, मेंढरं हाकत पुढं गेले होते, ते परत आले. "न्हाई जमलं तर लाजू नगं," ते म्हणाले. "वाडा कुठं हाय ते इचार आन् ये. पर जमतंय का न्हाई ते बघितल्याबिगर येऊ नगंस."

एवढ्यात एसटी आली आणि रस्ता ओलांडणाऱ्या आमच्याच मेंढरांमुळं थांबली. मला हातसुद्धा करावा लागला नाही. मी चढले, कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीतून बघितलं तर सगळे पाठमोरे चालत होते. चालत्या कळपाला थांबून मागं बघता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी वाईट वाटलंच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते शाळेत. वाडा बाहेर असायचा तेव्हा मी तालुक्याच्या वसतिगृहात असायचे. एका शनिवारी गुरुजींनी हॉलमध्ये पडदा बांधून कार्टूनचा सिनेमा दाखवला. त्यात एक बेडूक आणि एक बदक चक्क मराठीत भांडत होते. सगळ्या पोरी हसत होत्या आणि मी त्या बदकाच्या चोचीकडं बघत होते. संपल्यावर विचारलं, "गुरुजी, ह्यास्नी बोलाय कोण शिकवतं?"

"अगं, माणसं बोलतात. मुंबईत बसून, पडद्याच्या मागनं."

म्हणजे हे काम आहे! माणसं सकाळी उठून, आंघोळ करून, बदक व्हायला जातात! त्या दिवसापासून माझं ठरलं. बारावी झाले, साताऱ्यात राहून पदवी घेतली, पण आत ते बदक बसलंच होतं. दरम्यान आत्याच्या घरातून माझ्यासाठी मागणी आली. मुलगा चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. मी आबांकडं वर्षभराची मुदत मागितली.  एका सकाळी दूध काढता काढता ते म्हणाले, "जा. वरीसभर बघ."

मुंबईत गोरेगावला सहा मुलींच्या खोलीत एक कॉट मिळाली. शेजारच्या कॉटवर पाचगणीची रेश्मा. तिचे वडील तिथल्या एका बोर्डिंग शाळेत आचारी, आणि ती इथं एका सलूनमध्ये कामाला. आम्ही दोघी एकाच जिल्ह्याच्या, म्हणून पहिल्याच दिवशी सख्ख्या झालो. दिवसा मी एका कुरिअर कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये बसायचे, आणि सुट्टीच्या दिवशी डबिंग स्टुडिओंच्या पायऱ्या चढायचे. "व्हॉइस सॅम्पल आहे का?" असं मला प्रत्येक रिसेप्शनवर विचारलं जायचं. ते म्हणजे आपल्या आवाजाचा रेकॉर्ड केलेला नमुना, हे मला रेश्माच्या एका गिऱ्हाइकानं समजावलं.

सुरुवातीला गर्दीचे आवाज मिळाले. बाजारातल्या बायका, शाळेतली पोरं, मॅचमधले प्रेक्षक. काचेच्या खोलीत पाच-सहा जण माइकभोवती उभं राहून कालवा करायचा. पहिल्यांदा माझ्या तोंडून "आवं, बघा की" निघालं आणि काचेपलीकडून आवाज आला, "थांबा. ही गर्दी न्यूयॉर्कमधली आहे." सगळे हसले. मीही हसले, आणि खोलीवर जाऊन 'नाही' म्हणायला शिकले. 'न्हाई' नव्हे, 'नाही'. रेश्मा समोर बसून पुस्तकातलं वाचायला लावायची आणि चुकले की उशी मारायची.

ते शिकणं फुकट गेलं नाही, पण त्याची एक बाजू होती. वाड्यावर फोन केला की आय म्हणायची, "टीव्हीवानी बोलायलीस. जरा नीट बोल की." इकडं नीट म्हणजे एक आणि तिकडं नीट म्हणजे दुसरंच. मैत्रिणींनो, तुमच्यातल्या ज्या बाहेर पडल्या त्यांना हे ठाऊक असेल. जीभ दोन ठिकाणी राहायला लागते, आणि दोन्हीकडं ती पाहुणीच वाटते.

वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या नावावर जमा काय होतं? न्यूयॉर्कची गर्दी, एका मालिकेतली नर्स आणि तीन वाक्यं बोलणारी खारूताई. जमतंय म्हणावं तर तसं नव्हतं, आणि जमत नाही म्हणायला मी तयार नव्हते. आबांना फोन केला आणि एका दमात सांगितलं, "आबा, मी येत न्हाई. आत्याला न्हाई म्हणून सांगा. मला आजून बघायचंय."

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता.  मग आयच बोलली, "त्यांनी फोन माझ्याकडं दिलाय." त्यानंतर कितीतरी महिने तसंच चाललं. मी फोन करायचे, आबा उचलायचे, माझं नाव बघून आयकडं द्यायचे. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. खोलीवर मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठायचे, आंघोळ करायचे आणि स्टुडिओची पायरी चढायचे.

मग तो सिनेमा आला. परदेशातला, कार्टूनचा, गाण्यांनी भरलेला. एका शेतावरची जनावरं रंगमंचावर नाव कमवायला शहराकडं निघतात. गाढवाला ढोल वाजवायचाय, लांडोरीला मोरासारखं नाचायचंय, आणि एका मेंढीला गायचंय. कळपातल्या सगळ्यांनी तिला सांगितलंय की मेंढ्या गात नाहीत, मेंढ्या मागोमाग जातात. मराठी आवृत्तीच्या डबिंग दिग्दर्शक वंदनाताई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, कामात कडक. त्यांनी मला बोलावलं ते कळपातल्या गर्दीसाठी.

मी गर्दी केली. आणि संपल्यावर म्हणाले, "ताई, त्या मेंढीची ऑडिशन माझी पण घ्या."

"त्यासाठी नावं आलीत चांगली."

"असू दे. माझं ऐका आणि मग नको म्हणा."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि ऐकलं. आठवड्यानं फोन आला. मेंढीचे संवाद माझे. मी आणि रेश्मा खोलीत इतक्या नाचलो की खालच्या मजल्यावरून माणूस तक्रार घेऊन आला.

गाणी मात्र माझी नव्हती. तिन्ही गाणी एका शिकलेल्या गायिकेनं म्हणायची होती. हे योग्यच होतं, मी काही गाणं शिकलेली नव्हते. पण संवाद करत करत आम्ही शेवटच्या भागात आलो. तिथं कळप मेंढीला परत न्यायला येतो, आणि ती पायवाटेवर उभी राहून हळू आवाजात गाते. ना कोरस, ना ढोल. तिथलं गाणं दुसऱ्या कुणी म्हणायचं, हे मला सहन होईना. ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणून दाखव." मी म्हटलं, आणि दुसऱ्याच ओळीला श्वास संपला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या.

"बघितलं. पुढच्या आठवड्यात परत ऐका."

त्या आठवड्यात कॉल सेंटरच्या जिन्यात, बाथरूममध्ये, समुद्रावर, जिथं जागा मिळेल तिथं मी ते गाणं म्हटलं. शेजारच्या इमारतीतल्या पेटी शिकवणाऱ्या काकूंनी श्वास कुठं घ्यायचा ते दाखवलं. परत गेले तेव्हा सूर लागले, पण दुसऱ्या कडव्यात मी रडायला लागले. मला वाटलं, वा, किती खरं झालं. वंदनाताईंनी टेप थांबवली.

"रडू नकोस," त्या काचेपलीकडून म्हणाल्या. "ही मेंढी रडत नाहीये. ती ठरवतेय."

मी पाणी प्यायले. डोळे पुसले. आबांनी फोन आयकडं दिला तो दिवस आठवला आणि मनातल्या मनात त्यांनाच सांगितलं, आबा, मी येत नाही. मग म्हटलं. एकदाच. ताईंनी दुसरा टेक मागितला नाही. मोठी दोन गाणी त्या गायिकेचीच राहिली आणि ती तिनं सुरेख म्हटली. हे एक माझं राहिलं.

सिनेमा उन्हाळ्याच्या सुट्टीत लागला. त्या सुमाराला वाडा कोकणातून वर येत होता आणि उंब्रजजवळ एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं खतासाठी बसवली होती. मी रजा टाकून तिथं गेले. आबा दिसले. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडं. माझ्याकडं बघून म्हणाले, "आलीस व्हय? बस." त्या तीन शब्दांवर मला किती हलकं वाटलं, सांगता येणार नाही.

कराडच्या थेटरात मी सगळ्यांना न्यायचं ठरवलं होतं, पण मेंढरांजवळ कुणीतरी थांबायला हवं. "तू आयला घेऊन जा," आबा म्हणाले. "मी हाय हितं."

आय पहिल्यांदाच थेटरात आली होती. एसी लागल्यावर तिनं पदर डोक्यावरून घट्ट घेतला. मेंढी बोलली तेव्हा ती पडद्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी तोंड मिटून बसले होते. मग तिनं परत पडद्याकडं बघितलं, परत माझ्याकडं, आणि तिला असं हसू फुटलं की पुढच्या रांगेतली पोरं वळून बघू लागली. शेवटच्या गाण्याला मात्र ती हसली नाही. मेंढी शहरात राहते, नाव काढते, टाळ्या पडतात, सिनेमा संपतो.

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस घेतला. आयनं ग्लास दोन्ही हातांत धरला.

"तिच्या आयला कळलं का गं, ती कुठं ऱ्हातीया ते?"

सिनेमात त्या मेंढीची आई नव्हतीच. लिहिणाऱ्याला तिची गरज पडली नव्हती, आणि इतके दिवस त्या मेंढीत राहून मलाही ते सुचलं नव्हतं. "न्हाई दाखवलं," मी म्हटलं.

"दाखवाया पायजे हुतं," आय म्हणाली आणि रस प्यायली.

संध्याकाळी रानात आबांना ऐकवायला मी फोन काढला. त्यांनी तो हातानं बाजूला केला. "फोनात कशाला? तू हायस की हितं. म्हण."

मी म्हटलं. समोर शेकडो मेंढरं होती, एकीनंही मान वर केली नाही. आबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ती परत जात न्हाई म्हणतीया, व्हय?"

"व्हय, आबा."

"मग नीट म्हटलंस. डळमळली न्हाईस." आणि ते उठून मेंढरांकडं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हायवेवर मुंबईची गाडी धरली आणि वाडा मसूरच्या बाजूला निघाला. मागं राहिलं ते फक्त ते रान. तुम्ही मैत्रिणी विचारता, घरी कधी येतेस. वस्तीवरच्या घराला आजही निम्मं वर्ष कुलूप असतं, तिथं जाऊन मी कुणाला भेटू? गोरेगावची कॉट गेली, आता रेश्मा आणि मी मालाडला एक खोली घेतली आहे. तिलाही मी घर म्हणत नाही अजून. आमच्यात घर म्हणजे, कोण कुठं आहे हे एकमेकांना ठाऊक असणं. ते सांगायचं राहिलं की माणूस हरवला. मी ते राहू देत नाही. नवीन काम मागायला जाताना, नकार घेऊन येताना, रोज संध्याकाळी फोन करते. हल्ली आबा तो आयकडं देत नाहीत, स्वतःच बोलतात.

"आज काय झालीस?" ते विचारतात.

"मुंगूस," मी सांगते. "तुमी कुठं?"

"मलकापुरात. उद्या पुढं."

"मी पण," मी म्हणते.