लगनला आलेले आमदार

आम्ही देवासची मराठी माणसं हिंदी फर्डी बोलतो, फक्त तिच्यातलं स्त्रीलिंग-पुल्लिंग अंदाजाने ठरवतो. आमच्याकडे पुस्तक ‘अच्छी’ऐवजी ‘अच्छा’ असतं आणि ते ऐकून शेजारपाजारचे गालातल्या गालात हसतात. यात आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. माझ्या बाबतीत तर भलंच झालं.

मी धार जिल्ह्यातल्या आदिवासी मुलींसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आहे. आमदारांना गाठायचं, त्यांच्याकडून विधानसभेत प्रश्न विचारून घ्यायचा, नियम बदलून घ्यायचा, हे आमचं काम. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेक बाकड्यावर बसून होतं.

त्या वर्षीचा आमचा प्रश्न कुक्षीचा होता. तिथली मुलींची शाळा बारावीपर्यंत आणि वसतिगृह मात्र दहावीपर्यंत. दोन्हींच्या मध्ये एक भिंत. हा नियम कुठल्या शहाण्याने केला, देव जाणे. दहावी झाली की मुलीने पेटी उचलायची आणि डोंगरातल्या वस्तीवर परत जायचं. तिथून रोज शाळेला येणं शक्यच नाही. मग घरच्यांबरोबर गुजरातेत मजुरीला जायचं, नाहीतर लग्न करायचं. त्या वसतिगृहात दहावीची एक मुलगी होती, तोंडाने फटकळ आणि अभ्यासात पक्की. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या बापाने स्पष्ट सांगून टाकलं होतं : राहायची सोय झाली तर शिक, नाहीतर स्थळ तयार आहे.

तिच्यासाठी मी तिथल्या आमदारांच्या स्वीय सहायकाला फोन करकरून हैराण केलं. साहेब कधी दौऱ्यावर असत, कधी बैठकीत. शेवटी एक दिवस माझं डोकं फिरलं.

“भिया, साहब एक बार छात्रावास आकर इस लड़की की लगन तो देखें!”

लगन म्हणजे शिकण्याची तळमळ, असं मला म्हणायचं होतं. पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला.

“लगन है? कब?”

“गुरुवार को आ जाइए, ग्यारह बजे.”

“अरे, तो पहले बोलना था न! लगन में तो साहब हर हाल में पहुँचते हैं.”

फोन ठेवल्यावर मी खूश. चला, तळमळीची कदर करणारा एक तरी माणूस राजकारणात उरला आहे, असं मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

गुरुवारी वसतिगृहाच्या दारात ओळीने गाड्या थांबल्या. पुढे ढोल, मागे फोटोवाला, मध्ये गुलाबी साफा बांधलेले आमदार. एका कार्यकर्त्याच्या हातात लाल फीत बांधलेली स्टीलची कळशी. अंगणात गणवेशातल्या मुली रांगेत उभ्या. आमदारांनी हात जोडले आणि प्रेमाने विचारलं, “दुल्हन कहाँ है?”

आमच्या त्या गावांकडे लगन म्हणजे लग्न, आणि ते पुल्लिंगी; तळमळीची लगन तेवढी स्त्रीलिंगी. मी तर ‘लड़की की लगन’ असं अगदी बरोबर बोलले होते. पण मराठी बाईच्या हिंदीतल्या ‘की’वर कोण भरवसा ठेवणार? सहायकाने मनातल्या मनात त्याचा ‘का’ करून घेतला होता. जन्मात एकदा लिंग बरोबर आलं आणि तेच अंगाशी आलं.

मी चाचरत खुलासा केला. सरकारी वसतिगृहात, दहावीतल्या मुलीच्या लग्नाला आपण ढोल घेऊन आलो, हे आमदारांच्या ध्यानात आलं. त्यांनी आधी फोटोवाल्याला बाहेर काढलं, मग साफा. मुली खो खो हसत सुटल्या. नर्स व्हायचं म्हणणारी ती सगळ्यात जास्त हसली, आणि हसता हसताच पुढे आली.

“साहब, यहाँ से निकली तो लगन भी होगा. तब भी आओगे क्या?”

ढोलवाल्यानेसुद्धा मान खाली घातली. आमदार खुर्ची ओढून बसले आणि प्रथमच माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

अधिवेशनात त्यांनी खरंच प्रश्न विचारला. वसतिगृहात आम्ही सगळ्याजणी तो फोनवर बघत होतो. उत्तर आलं : प्रस्ताव विचाराधीन आहे. मी टाळ्या वाजवल्या. आमच्या धंद्यात एवढं पदरात पडणं म्हणजे दिवाळीच. तिने टाळी वाजवली नाही.

“विचाराधीन माने?”

“सरकार सोच रहा है.”

“तब तक मैं कहाँ रहूँ?”

मला स्वतःच्या टाळ्यांचाच राग आला. दहावीचा निकाल लागल्यावर मी तिला, तिच्या बापाला आणि तिच्या पेटीला घेऊन धारला वसतिगृह चालवणाऱ्या विभागाच्या अधिकाऱ्यांपुढे उभी राहिले. त्यांनी नियम दाखवला. तिने त्यांनाही तेच विचारलं, आणि पेटीवर बसून राहिली. ऑफिस बंद व्हायच्या आत तिला राहायची तात्पुरती परवानगी मिळाली, सरकारचा निर्णय होईपर्यंत.

ती आता अकरावीत आहे. निर्णयासाठी माझे भोपाळचे फेरे चालूच आहेत, आणि ती मला दर वेळी अडवते. अगं, नियम बदलला की तुझ्यामागच्या सगळ्या मुलींना राहता येईल, असं मी तिला परवाही समजावलं.

“और सरकार ने ना बोल दिया तो?” ती म्हणाली. “मैडमजी, मेरी बारहवीं तक उन्हें सोचने दो.”