वड, वानर आणि देवरे सर

जीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेला देवरे सर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "वड आणि वानर यांत साम्य काय?" सगळ्या कॉलेजला तो माहीत होता, तरी सरांसमोर बसलं की तोंडातून भलतंच निघायचं. मी म्हटलं, "सर, दोन्ही हरसूलकडे जाताना दिसतात."

सरांनी चष्मा पुसला. "हे एसटीच्या कंडक्टरलाही ठाऊक असतं. पेशीत शिर, बाई." मग स्वतःच अर्धा तास समजावत बसले. केंद्रक दोघांना, श्वास दोघांना, जनुकांची लिपीही एकच. वडाच्या पेशीला भिंत आणि हरितद्रव्य, वानराला ते नाही. "फरक कुणालाही दिसतो. साम्य दिसायला थांबावं लागतं," म्हणाले, आणि मला नापास केलं. चुकीच्या उत्तराला त्यांनी दयेचा एक गुणही कधी दिला नाही.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवू लागले. सर निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात लुळा राहिला, शब्द गेले. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी मी रोज संध्याकाळी चित्रांची कार्डं घेऊन जायची. गाय, कप, छत्री जमायचं. वडाचं चित्र दाखवलं की सर म्हणायचे, "वानर." लगेच मान हलवायचे. चूक कळायची, शब्द सापडायचा नाही. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदराने त्यांच्या कपाळाचा घाम टिपायच्या. मी म्हणायची, "नाही सर, पुन्हा." सर डाव्या हाताने खुणावायचे, दाखव.

सहा महिने असे गेले. एका संध्याकाळी त्यांनी सात-आठदा प्रयत्न केला. ओठ थरथरत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला बघवेना. पुन्हा "वानर" आलं, तेव्हा मी म्हटलं, "हो सर. बरोबर."

सरांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन गठ्ठ्यावर पालथं ठेवलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर त्यांनी मला कार्डं काढू दिली नाहीत. मी जायची, शेजारी बसायची, परत यायची. थंडी सुरू झाली आणि सर गेले.

तेराव्याला मी काकूंना म्हटलं, "सर शेवटी माझ्यावर रागावले होते."

काकू ताटं पुसत होत्या. "रागावले असते तर बरं होतं गं," त्या म्हणाल्या. "तू बरोबर म्हणालीस ना, तेव्हा त्यांना कळलं, आता आपल्याकडून कुणाची काही अपेक्षा उरली नाही."