बँकेच्या बरोबरीनं

गिरणीच्या मॅनेजरनं माह्या दाव्याचा फॉर्म टराटरा फाडला अन् तुकडे माह्या तोंडावर फेकले. "बँकेच्या लायनीत उभी राह्यली! औकात पाह्य आपली."

जाम गावाजवळच्या सूतगिरणीत मी चौदा वर्षं मशीनवर तुटलेले धागे जोडले. गिरणी बुडाली, कंपनी दिवाळखोरीत निघाली. मालमत्ता विकून देणी भागवायले लिक्विडेटर साहेब आले. ज्याचं घेणं हाये त्यानं तारखेच्या आत फॉर्म भरा, असा कागद त्याईनं गेटवर लावला. माहा अकरा महिन्यांचा पगार अडकला होता. त्याच्यापायी पोरीचं नर्सिंग अडलं होतं.

साहेबाच्या बाजूले बसून मॅनेजरनं एक कागद नाचवला. "सगळा पगार मिळाला, असं लिहिलं हाये. सही कोणाची?"

सही माहीच. दरवर्षी दिवाळीले मिठाईच्या डब्यासंगं तो कोऱ्या कागदावर सही घे. डब्याची पोच, म्हणे. आम्ही साऱ्या बाया हासत हासत सह्या करत होतो. इतक्या येड्या आम्ही! सोनपापडीपायी हात कापून देल्ले.

मी म्हटलं, हे खोटं हाये. त्यानं उठून धक्का मारला. चौकटीवर आपटली मी, ओठ फाटला. साहेब नुस्ते पाहत राह्यले. तोंडात रक्त आलं अन् माहं डोकंच फिरलं. चप्पल काढली, त्याच्या थोबाडावर दोन हाणल्या. लय बरं वाटलं, खोटं काऊन बोलू?

मंग पासबुक टेबलावर आपटलं. "पगार बँकेत येत होता साहेब. अकरा महिन्यांत एक रुपया आला असन तर दाखवा. यानं देल्ला तर कोणाच्या खात्यात देल्ला?"

साहेबानं पानं उलटून पाह्यली. नवा फॉर्म पुढं सरकवला. "भरा ताई. कामगाराचा दोन वर्षांपर्यंतचा थकलेला पगार कायद्यानं तारण धरणाऱ्या बँकेच्या बरोबरीनं येतो."

बरोबरीनं. त्या आवारात हा शब्द मले कोणीच म्हटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. मॅनेजर गालाले पट्टी लावून बसला होता. "दावा मागं घे, मी तक्रार मागं घेतो."

मी जमादाराले म्हटलं, "लिहा साहेब. मारली, दोनदा मारली. यानं माहा ओठ फाडला, तेबी लिहा. दावा मागं घेत नाई. उद्या बाकीच्या बायाईले गिरणीत घेऊन जाणार हावो, अन् याच्या डोळ्यासमोर एकेकीचा फॉर्म भरणार."